दोन एकरात कृषी पर्यटन परवडतं का? नागपूरच्या शेतकऱ्यासाठी सोपा हिशोब

हिवाळा लागला की मोबाईलवर हुरडा पार्टीच्या रील्स सुरू होतात. बाज, झाडाला बांधलेला झोका, बैलगाडीची चक्कर, चुलीवरचं वांग्याचं भरीत. शेत असलेल्या माणसाच्या मनात लगेच येतं, आपल्याकडेही हे करता येईल की!

करता येतं. फक्त पैसे कशात घालायचे आणि कशात नाही, हे आधी ठरवावं लागतं.

कृषी पर्यटन म्हणजे नेमकं काय?

शेतात बांधलेलं हॉटेल म्हणजे कृषी पर्यटन नव्हे. शेती चालू ठेवायची आणि ती पाहायला, अनुभवायला, तिथलं जेवायला पाहुणे बोलवायचे, ही मूळ कल्पना. इटलीने यासाठी 1985 मध्येच कायदा केला. त्यात शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पर्यटन त्याला जोड म्हणून असावं, असं सांगितलं आहे.

महाराष्ट्रात या चळवळीची सुरुवात बारामतीजवळच्या पळशीवाडीतून झाली. पांडुरंग तावरे यांनी 2005 मध्ये तिथे कृषी पर्यटन केंद्र सुरू केलं. पुढे 2020 मध्ये राज्य सरकारने स्वतंत्र कृषी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार एक एकर शेती असलेला शेतकरीही पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करू शकतो. शाळांच्या सहली आणायच्या असतील, तर मात्र किमान पाच एकर लागतात.

नागपूरकडे काय आहे?

सगळ्यात आधी संत्री! आंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या थंडीत ज्वारीचा हुरडा. म्हणजे हवा चांगली असते, तेव्हाच शेतात दाखवण्यासारखं काहीतरी असतं. काटोल, कळमेश्वर, रामटेक, उमरेड ही ठिकाणं शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्यासारखी आहेत.

जेवणासाठी वेगळा मेन्यू शोधायची गरज नाही. गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, पाटवडी रस्सा यासाठी नागपूरकर आनंदाने गाडी काढतो.

एक काळजी मात्र घ्यावी. फळं झाडावर असतानाच अख्खा बगीचा व्यापाऱ्याला दिला, तर पाहुण्यांनी तोडायचं काय? सौदा करतानाच आठ-दहा झाडं बाजूला ठेवावीत. त्या झाडांवर फवारणी कधी केली याची नोंद हवी आणि औषधाच्या वेष्टनावर दिलेले दिवस उलटल्याशिवाय कुणाला फळ देऊ नये.

आता हिशोब

समजा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने फक्त शनिवार-रविवार पाहुणे घेतले. साधारण 34 दिवस होतात. रोज सरासरी 15 माणसं आली आणि प्रत्येकी 500 रुपये घेतले, तर जमा झाले 2 लाख 55 हजार. किराणा, मजुरी, साफसफाई यात निम्मे गेले असं धरलं, तर हातात उरतात सव्वा लाखाच्या आसपास. या मजुरीत घरच्या बायकांचं कामही धरायला हवं. तोडणीच्या दिवसांत पंधरा माणसांचा स्वयंपाक फुकट होत नाही.

आता याच शेतात 15 लाखांचं कर्ज काढून चार खोल्या बांधल्या तर? 10 टक्के दराने पहिल्या वर्षाचं व्याजच दीड लाख. म्हणजे दिवसभराच्या सहलींतून मिळालेलं सगळं व्याजात जाणार, वर खिशातून भरावे लागणार आणि मुद्दल तसंच उभं. ते फेडायला खोल्या वर्षभर भरायला हव्यात. पण एप्रिल-मेमध्ये नागपूरचा पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यात गाडी फसते.

अपवाद आहे तो जंगलालगतच्या शेतांचा. पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडल्याला सफारीसाठी येणारे लोक उन्हाळ्यातही मुक्कामाला जागा शोधतात. तिथे एक-दोन खोल्यांचा विचार करता येईल. इतरांनी आधी स्वच्छ शौचालय, पिण्याचं पाणी आणि सावलीचा मांडव यावर खर्च करावा. कुटुंबं पुन्हा येतात की नाही, हे बऱ्याचदा शौचालयावर ठरतं.

कागदपत्रं आणि कर

सातबारा आणि आठ-अ हाताशी हवेत. जेवण देणार असाल, तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. शेतपंपाच्या वीजजोडणीवर पाहुण्यांच्या खोल्यांचे पंखे चालवता येत नाहीत, त्यासाठी वेगळी जोडणी घ्यावी लागते.

शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं, म्हणून हेही करमुक्त, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. स्वतःची संत्री विकून आलेले पैसे शेतीचं उत्पन्न. पण जेवण, मुक्काम आणि प्रवेशाचे पैसे हे व्यवसायाचं उत्पन्न. दोन्हींच्या वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात.

विहीर झाकली का?

शहरातल्या मुलांना शेताची सवय नसते. उघडी विहीर आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं सर्वांत धोक्याचं. ओल्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही आणि आत पडलेल्याला बाहेर येता येत नाही. कुंपण घातल्याशिवाय पहिला पाहुणासुद्धा बोलवू नये. कीटकनाशकं कुलपात ठेवावीत.

मग सुरुवात कशी करावी?

पहिल्या हंगामात ओळखीची पाच-सहा कुटुंबं बोलवावीत आणि त्यांच्याकडून पैसे घ्यावेत. जाताना किती जण संत्री, तूरडाळ, हळद विकत नेतात, ते लिहून ठेवावं. लहान शेतकऱ्याची खरी कमाई तिथे असू शकते, कारण तो माल मधल्या दलालाशिवाय विकला जातो आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी फोन करून मागतं.

खोल्या नंतरही बांधता येतात. शेत गहाण पडलं, तर ते सोडवणं मात्र दोन एकरवाल्याला जड जातं.