सूर्य फुकट, मग वीज विकत का?

सौरऊर्जेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो: ऊन आणि वारा यांस दाम पडत नाही, मग त्यांपासून मिळणाऱ्या विजेस दाम का पडावा? प्रश्न भाबडा वाटला, तरी देशाच्या ऊर्जाधोरणाचे मर्म त्यातच दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

कोळशावर चालणारे वीजकेंद्र रोज कोळसा विकत घेते. त्याचा खर्च थोडा आज, थोडा उद्या असा विभागला जातो. सौरप्रकल्पाचे तसे नाही. जमीन, पॅनेल, तारा यांवरचा जवळजवळ सारा खर्च प्रारंभीच करावा लागतो आणि तो बहुधा कर्ज काढून केला जातो. त्यामुळे सौरविजेच्या दरात कर्जावरील व्याजाचा वाटा फार मोठा असतो. ही वीज पुढची २५ वर्षे कोणीतरी ठरलेल्या दराने घेईल व पैसे वेळेवर देईल, अशी बँकेची खात्री पटली तर व्याज उतरते; न पटली तर चढते. तेव्हा शासनाला येथे सर्वांत आधी पुरवावा लागतो तो भरवसा.

जर्मनीने २००० साली कायदा करून तो दिला. वीज निर्माण करणाऱ्यास २० वर्षे ठरावीक दर आणि तारांवर अग्रक्रम, असे त्याचे स्वरूप होते. त्याचा भार ग्राहकांच्या बिलावर अधिभाराच्या रूपाने पडत गेला. तो अधिभार २०२२ मध्ये बंद करण्यात आला. भारताने वाट थोडी निराळी धरली. २००३ च्या विद्युत कायद्याने राज्यांच्या नियामक आयोगांवर जबाबदारी टाकली की, वितरण कंपन्यांनी किती टक्के वीज अपारंपरिक स्रोतांतून घ्यावी हे त्यांनी ठरवावे. पुढे जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्यात महाग सौरवीज स्वस्त औष्णिक विजेत मिसळून विकण्याची युक्ती योजण्यात आली, आणि ती आम्हांस मोठी व्यवहारी वाटते. दर मात्र उलट्या लिलावाने ठरू लागला: जो कमीत कमी दर मागेल त्यास काम. पहिल्या लिलावात कमाल दर युनिटला १७ रुपये ९१ पैसे होता. बोली सरासरी १२ रुपयांच्या आसपास आली. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे ती २ रुपये ४४ पैशांवर उतरली. जगभर पॅनेल स्वस्त झाले हे त्याचे मोठे कारण खरेच. परंतु केंद्राच्या पाठबळाची कंपनी मध्यस्थ म्हणून उभी होती, हेही विसरता येत नाही.

भरवसा मोडला की काय होते, तेही आपण पाहिले. २०१९ मध्ये आंध्र प्रदेश शासनाने जुने करार पुन्हा उघडून दर कमी करू पाहिले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कराराचे दर कायम ठेवले. मधल्या काळात त्या राज्यात नवी गुंतवणूक करण्यास कोण धजावणार? त्याच वर्षी, जून २०२२ मध्ये, देशभरातील वितरण कंपन्यांकडे वीजनिर्मात्यांची थकबाकी सुमारे १ लाख ३८ हजार कोटी रुपयांवर पोहोचली होती. केंद्राने नियम करून ती हप्त्यांनी फेडावयास लावली, तेव्हा कोठे हा गुंता सुटू लागला.

आता अडचण दुसरीच आहे. जून २०२५ अखेर देशाच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू इत्यादी इंधनांवाचून चालणारी झाली. वाचकांनी येथे जरा थांबावे. क्षमता निम्मी म्हणजे वीज निम्मी नव्हे. प्रत्यक्ष विजेचा बहुतांश भाग अजूनही कोळशापासूनच येतो, कारण सूर्य मावळतो आणि दिवे त्यानंतरच लागतात. दुपारी काही वेळा राजस्थानात वीज अधिक व ती वाहून नेणाऱ्या तारा अपुऱ्या, अशी गत होते. सौरप्रकल्प वर्षा-दीड वर्षात उभा राहतो. उच्चदाब वाहिनीस त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. म्हणून अलीकडील लिलावांत बॅटरीसह वीज मागितली जाते.

महाराष्ट्राने २०१७ पासून या दुपारच्या विजेचा एक चांगला उपयोग शोधला आहे. शेतीच्या वाहिन्यांजवळ छोटे सौरप्रकल्प उभारावयाचे व शेतकऱ्यास दिवसा वीज द्यावयाची. रात्री-अपरात्री विंचू-काट्यातून पंप सुरू करावयास जाणाऱ्यास याचे मोल सांगावे लागत नाही.

राहिले आपल्या घराचे छप्पर. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत ३ किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचास ७८ हजार रुपये अनुदान ठेवले गेले. दुपारी उरलेली वीज वाहिनीत जाते, संध्याकाळी आपण तितकीच परत घेतो आणि बिल जवळपास मिटते. परंतु संध्याकाळची ती वीज पुरविण्याचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतोच. ज्याला स्वतःचे छप्पर नाही, चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत जो राहतो, त्याच्या बिलावर तो येऊन पडू नये, एवढे धोरणकर्त्यांनी अद्याप नीट सोडविलेले नाही.