भंगारात निघालेली मोट आणि ती सांगणारा माणूस



औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला पहिल्यांदा आलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो. सगळीकडे नंदी देवासमोर असतो, इथं देवळाच्या मागे कसा? मग हारवाला असो की चहावाला, कुणीतरी सांगतोच: नामदेव महाराजांना कीर्तन करायला मागच्या बाजूला जायला सांगितलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरलं. भिंतींवरचं एवढं सुंदर कोरीव काम पाहुणा विसरतो, पण ही गोष्ट गावी जाऊन दहा जणांना सांगतो.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात गाईडचा धंदा असा रस्त्यावर पडलेला आहे, तोही फुकट. व्हिडिओत वेळ पुरत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो. विषय आहे ग्रामजीवनाचं छोटं संग्रहालय. म्हणजे जुनी अवजारं, भांडी, मापं आणि ती समजावून सांगणारा एक माणूस.

आपल्या राज्यातलं नाव घेण्यासारखं उदाहरण म्हणजे कोल्हापूरजवळ कणेरी मठावरचं सिद्धगिरी संग्रहालय. यंत्रं येण्याआधीचं गाव तिथं माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभं केलंय. कुंभार चाकावर बसलाय, न्हावी झाडाखाली दाढी करतोय, लोहाराचा भाता चालू आहे. पण तिथं गेलात तर पुतळ्यांपेक्षा माणसांकडे बघा. कुटुंबाबरोबर आलेले आजोबा मोटेपाशी थांबतात आणि नातवाला सांगायला लागतात. शेजारचं अनोळखी कुटुंबही कान देऊन उभं राहतं. तिथला सगळ्यात चांगला गाईड म्हणजे ते आजोबा. त्यांना पगार नाही आणि आपण काहीतरी विकण्यासारखं करतोय हे त्यांना माहीतही नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, कणेरीला मोठा मठ आहे, जागा आहे, आमच्याकडे काय आहे? मग पुण्याच्या दिनकर केळकरांचं बघा. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस. ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करायचे. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, दौती, वाड्यांचे दरवाजे, म्हणजे लोक अडगळ म्हणून टाकत होते तेच. लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं. १९७५ मध्ये हा संग्रह सरकारकडे सोपवला, आज त्यात वीस हजारांच्या वर वस्तू आहेत. केळकरांनी त्यातून पैसा कमावला नाही, हेही खरं. आपल्याला त्यांच्याकडून घ्यायची ती नजर.

धंद्याच्या अंगाने बघायचं तर बल्गेरियात गाब्रोवो शहराजवळचं एतर बघा. १९६४ मध्ये सुरू झालेलं हे उघड्यावरचं संग्रहालय. तिथं कारागीर पाहुण्यांसमोर जुन्या पद्धतीने काम करतात आणि केलेली वस्तू तिथंच विकतात. काही यंत्रं अजून ओढ्याच्या पाण्यावर फिरतात. बघणारा आधी थांबतो, मग विचारतो, मग खिशात हात घालतो.

आपल्याकडे मोट घ्या. पाटीवर काय लिहिलेलं असतं? ‘मोट: विहिरीतून पाणी काढण्याचे साधन.’ झालं, पोरं पुढे पळाली. आता तीच मोट हाकलेला माणूस कशी सांगेल बघा. मोट चामड्याची, तिला खाली हत्तीसारखी सोंड. दोर दोन. जाड नाडा मोटेच्या तोंडाला, तो वरच्या चाकावरून जातो. बारीक सोंदूर सोंडेला, तो खालच्या कण्यावरून. बैल धावेवरून उतरायला लागले की मोट वर येते, पण सोंड वर दुमडलेली असते, म्हणून पाणी सांडत नाही. मोट काठावर आली की सोंदूर सोंडेला पुढे ओढतो आणि सगळं पाणी आपोआप थारोळ्यात. दोन दोरांच्या लांबीचा हिशोब चुकला तर पाणी परत विहिरीत! ना कॉक, ना व्हॉल्व्ह. हे ऐकताना इंजिनिअरिंगचा पोरगासुद्धा मोबाईल खाली ठेवतो.

आणि ही मोट एकट्या शेतकऱ्याची नव्हती. चामडं कमावणारा ढोर, मोट शिवणारा चांभार, दोर वळणारा मातंग, चाक करणारा सुतार, लोखंड घडवणारा लोहार, सगळ्यांचे हात तिला लागलेले. मोबदला सुगीत धान्याच्या रूपात, म्हणजे बलुतं. इथं एक स्पष्ट सांगतो. गाव किती गोडीगुलाबीनं राहायचं एवढंच सांगणारा गाईड अर्धीच गोष्ट सांगतो. ज्यांच्या हातांशिवाय मोट चालत नव्हती, त्यातल्या काहींना त्याच विहिरीला हात लावायची बंदी होती. दया पवारांच्या १९७८ च्या आत्मकथनाचं नावच ‘बलुतं’ आहे, ते उगाच नाही. पाहुण्यांमध्ये त्या घरांतले नातूही असतात. पूर्ण गोष्ट सांगा.

आता पैशाचं बोलू. समजा तिकीट ४० रुपये, शनिवार-रविवार मिळून महिन्याचे आठ दिवस, रोज ३० माणसं. झाले ९,६०० रुपये. आठवड्यात इतर दिवशी जवळपास शून्य धरा. यात सांगणाऱ्याचा पगारसुद्धा नीट निघत नाही. तिकिटावर हा धंदा उभा राहत नाही, कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. पैसा येतो शाळेच्या सहलीतून, चुलीवरच्या जेवणातून आणि विक्रीतून. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी, हळद काढली की काहिलीत ती कशी शिजवायचे, किती शिजली हे कसं ओळखायचे, मग वाळवून कशी घासायचे, हे समोर करून दाखवा. बघणारा हळद घेतल्याशिवाय जात नाही, आणि भावातही फार घासाघीस करत नाही.

गिऱ्हाईक शोधायला लांब जायला नको. औंढ्याला श्रावणात आणि महाशिवरात्रीला गर्दी असते. नर्सीला नामदेवांच्या जन्मगावी पंजाबची शीख मंडळी येतात, कारण नामदेवांची पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. वारंगा फाट्याला खिचडीसाठी गाड्या थांबतात. ही माणसं आधीच आपल्या जिल्ह्यात आलेली आहेत. त्यांना अजून तासभर थांबायला कारण द्यायचं आहे. त्यासाठी जागा या रस्त्यांवरच हवी. आत कुठेतरी शेतात केलंत तर कौतुक होईल, गिऱ्हाईक होणार नाही.

वस्तू गोळा करताना एक काळजी घ्या. जातं, तिफण, पायली, कणगी, खुशाल मागा. पण शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, कोरीव दगड, नाणी यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो आणि त्यांच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो. शेतावर करणार असाल तर राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, नोंदणीसाठी पर्यटन संचालनालयाकडे चौकशी करा.

वस्तू मात्र नंतर. मोटेचं चाक आणखी दहा वर्षं गोठ्यात पडून राहील, फार तर भंगारवाला नेईल आणि दुसरं मिळेल. ती मोट हाकलेला म्हातारा आज ऐंशीच्या घरात आहे. या आठवड्यात त्याच्याकडे जा, मोबाईल रेकॉर्डिंगला लावा. ‘जुन्या काळाबद्दल सांगा’ असं म्हणू नका, ते गडबडतात. थेट विचारा: काका, सोंदूर तुटला तर काय करायचे? पायलीत शेर किती आणि माप मारणारा कुठं मारायचा? बैलांना काय नावं होती? मग गप्प बसा आणि त्यांना बोलू द्या. आणि पुढे ते तुमच्याकडे पाहुण्यांसमोर बसून हे सांगणार असतील, तर त्यांची दिवसाची हजेरी आधी ठरवा आणि रोजच्या रोज हातात द्या.