भाकरी बांधून घ्या, मगच गाडीला किक मारा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीत दिवस उजाडतो तो भाकरी थापण्याच्या आवाजानं. ज्वारीची पातळ भाकरी करायची, कडक होईतोवर शेकायची आणि चवड रचून ठेवायची. ही कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतल्याशिवाय सोलापूरचा पाहुणा परत जात नाही. पण मागच्या उन्हाळ्यापासून या भाकरीकडं बघायची माझी नजर बदलली. त्याला कारण माझा पुतण्या.

पोरगा दुधाचा धंदा करतो. पहाटे चारला उठायचं, वस्त्या-वस्त्यांवरनं दूध गोळा करायचं, गाडीला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवून पाणंदीनं केंद्रावर यायचं. तिथनं पुन्हा पेंड आणायला, पुन्हा रानात. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर सहज होतात आणि त्यातलं निम्मं डांबर नसलेल्या वाटेनं. वैशाखातल्या एका दुपारी ओढ्याच्या वळणावर तो गाडीसकट खाली गेला. खांद्याला मार लागला, दूध मातीत गेलं. बघायला गेलो तर म्हणतो, "काका, खड्डा न्हवता, समोर कोण न्हवतं. डोळ्यापुढं अंधारीच आली बगा." सकाळपासून काय खाल्लंस, विचारलं. "तीन च्या झाले की वो!" डॉक्टरांचं म्हणणं एवढंच, पोट रिकामं, अंगातलं पाणी कमी आणि वर ४२ अंशांचं ऊन. गाडीचा काही दोष नव्हता.

वाळवंटातले गडी काय करतात?

गाडीवर दिवसभर आडवाटेनं जाणं हे जगात काही लोकांचं खेळाचं मैदान आहे. डकार रॅली ही त्यातली सर्वांत कठीण शर्यत समजली जाते. १९७८ च्या डिसेंबरात ती पॅरिसहून आफ्रिकेतल्या डकारकडं पहिल्यांदा निघाली. २००९ पासून दक्षिण अमेरिकेत आणि २०२० पासून सौदी अरेबियात ती भरते आहे. दोन आठवडे आणि सात हजार किलोमीटरच्या वर अंतर, तेही वाळू, दगड, कोरड्या नद्यांतून. आपल्या देशाचा सी. एस. संतोष २०१५ साली ही शर्यत पुरी करणारा पहिला भारतीय ठरला, क्रमांक ३६ वा. केरळचा हरिथ नोआ २०२४ मध्ये एकूणात ११ वा आला आणि 'रॅली २' या गटात पहिला.

या गड्यांचं कौतुक आपण वेगाचं करतो. पण त्यांचं अर्धं यश पोटात असतं. खडबडीत वाटेवर स्वार बसून राहत नाही, पायताणांवर उभा राहून गाडी पेलतो. मांड्या, कंबर, खांदे, मनगटं सगळं एकाच वेळी राबतं. म्हणून शर्यतीचा नियमच आहे, मोटारसायकलवाल्यानं किमान तीन लिटर पाणी अंगावर किंवा गाडीवर बाळगलंच पाहिजे. पाण्याची पिशवी पाठीला असते आणि नळी तोंडाजवळ. तहान लागायची वाट न बघता घोट-घोट पाणी चालू असतं. दुसरा नियम त्याहून शहाणपणाचा. पेट्रोल भरायच्या जागी स्वाराला १५ मिनिटं थांबावंच लागतं. पुढं जायची कितीही घाई असू दे, घड्याळ त्याला सोडत नाही. गाडीची टाकी भरते तेवढ्यात माणसानं आपलीही भरून घ्यायची.

आपल्याला हे नवं नाही. पालखी पंढरीकडं निघाली की वाटेत ठरल्या जागी विसावा असतोच. चालणाऱ्याला दम लागो न लागो, विसावा चुकत नाही. गाडी आली आणि आपण तेवढा विसावा विसरलो.

पोटाचा हिशोब

आपल्या स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास साखर साठवलेली असते. अंगमेहनत जोरात असली तर हा साठा दीड-दोन तासांत उतरणीला लागतो. रात्रभराच्या उपाशी पोटी यकृतातला साठा आधीच कमी झालेला असतो. मेंदू मुख्यतः साखरेवरच चालतो. ती घटली की हात थरथरतात, चिडचिड होते, नजर हरवते, ब्रेक मारायला उशीर होतो. चहानं झोप उडते खरी, पण दोन चमचे साखरेपलीकडं त्यात पोटाला काही नाही.

पाण्याचंही तसंच. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगातनं दीड लिटर पाणी गेलं तरी काम मंदावतं आणि लक्ष विचलित होतं. भर उन्हात राबताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, आणि घामाबरोबर मीठही जातं.

लांब शर्यतीतल्या खेळाडूंना तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्ट किंवा साखर पोटात जाऊ द्यायला सांगतात. त्यासाठी ते महागड्या वड्या नि पुड्या वापरतात. आपल्याकडं हेच सगळं घरात आहे. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास साखर-पिष्ट मिळतं. साठ ग्रॅम पिठाच्या भाकरीत ४० ग्रॅमच्या पुढं. गुळाचा लिंबाएवढा खडा लगेच कामाला येतो. ज्वारीची साखर रक्तात सावकाश उतरते, म्हणून भाकरी खाल्लेला गडी लवकर ढेपाळत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मालदांडी ३५-१ ही जात आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातली. एवढं सोनं दारात असताना पोरं नाक्यावरच्या वडापावावर दिवस काढतात.

शेंगदाणा ताकदीचा, पण तेलाचा. तो पचायला वेळ घेतो. म्हणून शेंगाचटणी सकाळच्या न्याहारीत भरपूर, गाडीवर असताना बेतानं.

वेळापत्रक असं ठेवा

निघण्यापूर्वी अर्धी-एक भाकरी, चटणी किंवा दूध आणि दोन पेले पाणी. तेवढा वेळ नसेल तर निदान एक केळं. पुढं दर तास-दीड तासानं गाडी सावलीला लावा, दहा मिनिटं उतरा. केळं, गुळ-शेंगदाण्याची वडी किंवा चतकोर भाकरी खा. कडक भाकरी कोरडी असते, पाण्याबरोबरच खावी. उन्हात दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी घ्या, एकदम तांब्याभर ढोसू नका. दुपारी पोटाला तड लागेल असं जेवून लगेच गाडीवर बसू नका, पेंग येते. दारू पिऊन तर नाहीच. तंबाखू-माव्यानं भूक मरते, ताकद येत नाही.

घाम फार जात असेल तर ताकात मीठ घालून घ्या किंवा घरचं पाणी करा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ याहून वाढवू नका, ते घातक ठरतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनाबीस यांनी असल्याच मीठ-साखरेच्या पाण्यानं पटकीचे हजारो रोगी वाचवले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. साखरेचा किंवा रक्तदाबाचा आजार असणाऱ्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

या खुणा ओळखा

लघवी गडद पिवळी झाली, पायात गोळे आले, डोकं ठणकू लागलं, जांभया थांबेनात, तर गाडी तिथंच लावा. घाम अचानक थांबला, अंग तापलं, बोलणं बरळल्यासारखं झालं तर तो उष्माघात समजावा. माणसाला सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून गाफील राहू नये. काळ्या रानातल्या चिखलातनं भरलेली गाडी काढणं हे वाळूत गाडी काढण्याइतकंच दमवतं. घाम कपड्यात जिरतो, तहान कळत नाही, पण ताकद तेवढीच जाते.

गावानं एवढं करावं

तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, आशाताई, पशुवैद्यक ही सगळी मंडळी याच वाटांनी फिरतात. सरपंचांनी मनावर घेतलं तर पाणंदीच्या तोंडाशी, झाडाखाली एक रांजण ठेवणं काही अवघड नाही. दूध केंद्रावर एक बाकडं, पाण्याचा माठ आणि क्षारसंजीवनीच्या चार पुड्या असाव्यात. पुड्या आशाताईंकडं मिळतात. दूध घालायच्या वेळेत अर्ध्या तासाची सवलत दिली तर पोरं जिवावर उदार होऊन गाडी हाकणार नाहीत.

पुतण्याचा खांदा आता बरा आहे. परवा पेठेत आला तेव्हा गल्लीतल्या मावशींकडनं दोन डझन कडक भाकरी घेऊन गेला. मावशी म्हणाल्या, "एवढ्या कुणाला रं बाबा?" तर म्हणतो, "गाडीला, मावशी. तिला पेट्रोल, मला ही." आता त्याच्या हँडलला पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी असते. केंद्रावर दहा मिनिटं उशीर होतो. घरातलं कुणी त्याबद्दल बोलत नाही.