जुन्या फियाटचे ब्रेक : दोष ओळखण्याची रीत

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कारखान्यात तयार झालेली फियाट अकराशे पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत रस्त्यावर धावत राहिली. ही गाडी हौसेने जपणाऱ्यांच्या घरी ब्रेकची तक्रार उद्भवली की पुष्कळदा एकामागून एक भाग बदलले जातात आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. तसे होण्याचे कारण ब्रेकच्या रचनेतच आहे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो, द्रवावर आलेला दाब पास्कलच्या नियमानुसार नळ्यांतून सर्वत्र सारखा पोचतो, चाकाजवळचे व्हील सिलिंडर अर्धवर्तुळाकार ब्रेक शू बाहेर ढकलतात आणि शूवरचे लायनर फिरत्या ड्रमला आतून घासून चाकाचा वेग कमी करतात. हे सारे भाग एकाच द्रवाने जोडलेले असल्यामुळे बिघाड एकीकडे असतो आणि लक्षण दुसरीकडे दिसते.

म्हणून तपासणीची सुरुवात पेडलपासून करावी. पेडल खोल जात असेल, पण लागोपाठ दोनदा दाबल्यावर वर येऊन घट्ट होत असेल, तर शू आणि ड्रम यांतील अंतर वाढलेले असून ते कमी करून घेणे पुरते. पेडल स्पंजासारखे दबत असेल तर नळ्यांत हवा शिरली आहे, कारण द्रव दबत नाही, हवा दबते. पाय रोवून ठेवला असता पेडल हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कोठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधला रबरी वॉशर झिजला आहे असे समजावे; द्रवाच्या टाकीतील पातळी जराही उतरत नसल्यामुळे हाच दोष सर्वांत जास्त फसवतो. ब्रेक लावताना गाडी डावीकडे ओढत असेल तर साधारणपणे उजवे चाक नीट धरत नसते, तरीही अनेकदा डाव्याच चाकाचा ड्रम उघडला जातो.

ब्रेक सोडल्यावरही चाक चिकटून राहण्याचा दोष विशेष काळजीपूर्वक पाहावा लागतो. गाडी जॅकवर घेऊन, ब्रेक दाबून सोडावा आणि अडकलेल्या चाकाचा ब्लीडिंग निपल, म्हणजे हवा काढण्याची छोटी चावी, किंचित सैल करावा. द्रवाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर दाब आत कोंडला होता हे सिद्ध होते. मोकळे झाले नाही तर गंजलेला व्हील सिलिंडर, ढिली स्प्रिंग किंवा हँडब्रेकची अडकलेली केबल यांकडे वळावे. दाब एकाच चाकाशी कोंडत असेल तर तेथील रबरी होज पाइप आतून फुगून बंद झालेला असतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पेडलच्या जोराने द्रव पुढे जाऊ देतो आणि परत मात्र येऊ देत नाही. चारही चाके चिकटत असतील तर पेडलला मोकळी चाल उरलेली नसून मास्टर सिलिंडरमधले द्रव परतण्याचे बारीक छिद्र झाकले गेले आहे, असा संशय घ्यावा.

यांपैकी अनेक दोषांच्या मुळाशी जुना द्रव असतो. प्रचलित ब्रेक ऑइल ग्लायकॉल वर्गातील असून हवेतील ओलावा शोषते, आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे दुर्लक्षून चालत नाही. डॉट ३ प्रकाराचा उत्कलनबिंदू ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. मग लांब घाटउतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये वाफ धरून पेडल एकाएकी निकामी होते. त्याच पाण्याने सिलिंडरही आतून गंजतात. टाकीत चुकूनही इंजिन ऑइल ओतू नये, कारण त्याने सगळे रबरी वॉशर फुगतात.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेच्या झोताने किंवा तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. दुरुस्तीनंतर पेडल जोराने दाबून धरावे, कोणा सहकाऱ्याकडून प्रत्येक सांधा पाहून घ्यावा आणि मोकळ्या रस्त्यावर थोडे अंतर चालवून चारही ड्रमजवळ हात नेऊन ऊब अजमावावी. एका जोडीतले एक चाक दुसऱ्याहून स्पष्टपणे गरम लागले, तर तपासणी त्या चाकापासून पुन्हा सुरू करावी.