गाडीची वीज, भाग 9 : आधी अर्थ तपासा

चिपळूणहून एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्यापायी ठरलेला रेग्युलेटरचा विषय पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. दीडशे सीसीची गाडी. गंजलेल्या चासीला पावडर कोटिंग करून घेतलं, इंजिन परत चढवलं, आणि तेव्हापासून सेल्फ लागेना. बटण दाबलं की रिले एकदाच ‘टक्’ करतो. किक मारली की गाडी चालू होते. बॅटरी नवी घातली, रिले बदलला. आता मेकॅनिक सेल्फ मोटर बदलायला सांगतो आहे. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय : बटण जरा वेळ धरून ठेवलं तर क्लच केबल गरम लागते.

सगळं दुखणं त्या शेवटच्या वाक्यात आहे. मोटरला लागणारा करंट जाड केबलने मोटरपर्यंत पोचतो, तो इंजिनच्या धातूतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत यायला हवा. काही गाड्यांत निगेटिव्हची केबल थेट इंजिनला लावलेली असते, काहींत चासीला. या गाडीत ती चासीला आहे. इंजिन जिथे चासीवर बसतं तिथे आता कोटिंगचा थर आहे, म्हणजे नीट अर्थ (करंटची परतीची वाट) नाही. मग करंट मिळेल त्या वाटेने निघाला : इंजिनवरून क्लच केबलचं पोलादी वेटोळं, हँडल, तिथून चासी. केबल त्यासाठी बनलेली नाही, म्हणून ती तापते. बटण धरून ठेवायचं ताबडतोब थांबवा. अशा केबली जळतात.

रिले मात्र ‘टक्’ करतो, कारण त्याच्या कॉइलला करंट थोडासाच लागतो आणि तो वायरिंगमधल्या बारीक तारेने परततो. इथेच एक खूण धरून ठेवा. बटण दाबल्यावर हेडलाइट एकदम मंदावला, तर बॅटरीकडे किंवा अडकलेल्या मोटरकडे बघा. ‘टक्’ झालं आणि लाइट जवळजवळ तसाच राहिला, तर मोठा करंट निघालेलाच नाही. वाट कुठेतरी अडली आहे.

वाचक म्हणतात, मल्टिमीटरने अर्थ तपासला, बझर वाजला. बझर वाजणारच. मीटर त्या जोडातून अगदी नगण्य करंट सोडतो. दहा तारांपैकी नऊ तुटल्या असल्या तरी उरलेली एक तार तेवढा करंट सहज नेते. छोट्या गाडीचा सेल्फसुद्धा पन्नासच्या आसपास अँपिअर मागतो. जोडात 0.1 ओहमचा अडथळा असेल तर तेवढ्या करंटला 5 व्होल्ट तिथेच खर्च व्हायला हवेत. बारापैकी मोटरला उरणार काय? आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरीच 0.1 ओहमपेक्षा जास्त दाखवतात. म्हणून माझा आग्रह : जोड तपासायचा तो करंट वाहत असताना.

रीत सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, मीटर 20 व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, केबलच्या लगवर नव्हे. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. दुसऱ्याला दोन सेकंद सेल्फ दाबायला सांगा. 0.2-0.3 व्होल्टपर्यंत आकडा ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर जोड खराब. मग लाल पिन पाठीमागून पुढे सरकवत न्या : आधी केबलची लग, मग चासीचा बोल्ट, मग इंजिन. आकडा जिथे उडी मारेल, तिथेच दोष.

दुरुस्तीला फारसा खर्च नाही. बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा आणि शेवटी लावा. पॉझिटिव्ह सोडताना पाना चासीला टेकला तरी मग शॉर्ट होत नाही. बोल्टखालचं कोटिंग खरवडून धातू चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि नंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. कोकणातल्या दमट, खाऱ्या हवेत लगवर हिरवा कळंक चढतो, तोही पॉलिश पेपरने काढा. मी तर बॅटरीच्या निगेटिव्हवरून इंजिनच्या बोल्टला सेल्फच्या केबलइतकीच जाड केबल वेगळी टाकायला सांगेन.

आता रेग्युलेटर. तो व्होल्टेज मोजतो ते त्याच्या स्वतःच्या टोकांवर किंवा वेगळ्या सेन्स वायरवर. अर्थ खराब असेल तर त्याला दिसणारा आकडा आणि बॅटरीला मिळणारा आकडा वेगळे पडतात, आणि चांगला रेग्युलेटर विनाकारण भंगारात जातो. म्हणून पुढच्या आठवड्यापर्यंत तीन आकडे वहीत लिहून ठेवा : रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी, सेल्फ दाबताना इंजिन आणि निगेटिव्हमधला फरक, आणि इंजिन चालू करून रेस दिल्यावर बॅटरीवरचे व्होल्ट. पहिला 12.6च्या आसपास आणि दुसरा 0.3च्या आत असेल, तरच तिसऱ्या आकड्यावरून रेग्युलेटरला दोष देता येईल.