धातुशोधक यंत्राची परसांतील परीक्षा

चाऱ्यांतून गेलेली तार किंवा खिळा जनावराचें पोट भेदून कित्येकदां हृदयापर्यंत पोंचतो व जनावर दगावतें. म्हणून कडब्याच्या जागीं धातुशोधक यंत्र फिरविणें हितावह होय. परंतु काळ्या पाषाणापासून झालेल्या दख्खनच्या जमिनींत चुंबकीय लोहकण असल्यामुळें यंत्र पुष्कळदां फसतें.

यास्तव शेतकरी बंधूंनीं परसांतील एक तुकडा प्रथम यंत्रानें तपासून त्यांतील धातु वेंचून काढावे. नंतर २ हातांच्या अंतरानें खिळे व तारेचे तुकडे ४, ८ व १२ अंगुळें खोल पुरावे. लाकडी खुंट्या ठोकून वहींत नोंद करावी. एक खड्डा रिकामाच बुजवावा. जमीन कोरडी असतां व ओली असतां यंत्र फिरवून पाहावें. ज्या खोलीवर आवाज थांबतो ती यंत्राची मर्यादा. तिच्याखालीं जमीन निर्धोक आहे असें मानूं नये.

शोधांत १० रुपयांहून अधिक किमतीचें पुरलेलें धन निघाल्यास १८७८ च्या निखात निधि कायद्यान्वयें कलेक्टरांस लेखी कळवावें.