तेरहून नेपल्सला, व्हाया भडोच

सर्जापूर रोडच्या मराठी मंडळींनो, सुट्ट्या जोडून इटलीतल्या नेपल्स बंदराला जाणार असाल, तर पिझ्झा खाऊन झाला की तिथल्या पुरातत्त्व संग्रहालयात शिरा आणि थेट 'गुप्त दालन' गाठा. रोमन लोकांच्या चावट वस्तूंसाठी राखून ठेवलेल्या या दालनात चक्क एक गाववाली उभी आहे! हस्तिदंती, जेमतेम वीतभर उंच, अंगभर दागिने, कपडे मात्र नाहीत. म्हणून तर बिचारीची रवानगी तिथे झाली.

1938 साली पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना ती पोंपेई या प्राचीन रोमन शहरातल्या एका घरात सापडली आणि 'लक्ष्मी' म्हणून प्रसिद्ध झाली. पण लक्ष्मीच्या शेजारी असतात तसे हत्ती तिच्या शेजारी नाहीत. आहेत त्या शृंगाराचं सामान घेतलेल्या दोन सेविका. यक्षी असण्याचीच शक्यता जास्त.

अशा हस्तिदंती स्त्रिया आणखी कुठे सापडल्या असतील? जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिवजवळच्या तेरला. हो, संत गोरोबाकाकांचंच तेर! पोंपेईच्या मूर्तीच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, त्यामुळे तिच्या माहेराचा वाद मिटलेला नाही. माझं मत तेरच्या पारड्यात.

पण मराठवाड्यातून ती तिथवर पोहोचली कशी असेल? पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत रस्ताच दिलाय. तेर ते पैठण दहा दिवस, पैठण ते भडोच वीस दिवस, माल गाड्यांवर, तोही धड रस्ता नसलेल्या मुलखातून. पुढे अथांग समुद्र. ना इंजिन, ना होकायंत्र. मग जहाज ढकलणार कोण?

आपला मान्सून! अरबी समुद्रावर निसर्गानंच वन-वे लावून दिलाय: पावसाळ्यात वारे भारताकडे, हिवाळ्यात उलटे. इजिप्तहून जुलैत निघालेली जहाजं माल भरून डिसेंबर-जानेवारीत परतीला लागत. तांबड्या समुद्राच्या काठी माल उंटांवर चढे, वाळवंट ओलांडून नाईल नदीत उतरे आणि होडीनं अलेक्झांड्रियाला पोहोचे. तिथून पुन्हा जहाज, थेट इटलीतल्या पुतिओली बंदरापर्यंत. म्हणजे एका वीतभर बाईसाठी बैल, उंट, नदी आणि तीन समुद्र!

भारतीय मालाच्या या हौसेपायी भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) गिळतो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रार होती. त्या पैशाचा माग हवाय? सर्जापूर रोडहून फार लांब जायला नको. बेंगळुरूतच, एचएएलच्या परिसरात आणि यशवंतपूरला रोमन सम्राटांची नाणी सापडली आहेत.

पुतिओली म्हणजे आजचं पोझुओली, नेपल्सहून लोकलनं जाता येतं. रोमन तत्त्वज्ञ सेनेकानं लिहिलंय, अलेक्झांड्रियाची जहाजं दिसली की सगळं गाव धक्क्यावर लोटायचं. त्या काळचा किनारा आज बराचसा पाण्याखाली आहे. गावातल्या रोमन मंडईचे तीन संगमरवरी खांब मात्र उभे आहेत, आणि जमिनीपासून बऱ्याच उंचीवर त्यांना भोकं पडली आहेत. कुणी पाडली? समुद्रातल्या शिंपल्यांनी! पोटात ज्वालामुखी असलेली ही जमीन खचली, खांब समुद्रात बुडाले, शिंपल्यांनी ते पोखरले, आणि मग जमीन खांबांसकट पुन्हा वर आली. 1982 ते 84 या दोनच वर्षांत ती सुमारे 1.8 मीटर उचलली गेली, आणि अलीकडे पुन्हा वर सरकतेय.